घरापासून वाण्याच्या दुकानापर्यंत

घरांतलें मीठ संपतें, पोळ्या लाटतां लाटतां कणीक अपुरी पडते, पाहुणा दारांत उभा असतां दूध नासल्याचें ध्यानांत येतें. अशा वेळीं घरांतील कोणी तरी पायांत वहाणा सरकवून बाहेर पडतें आणि थोड्याच वेळांत वाण्याकडून परत येतें. ही जी घरापासून दुकानापर्यंतची वाट, तिची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं. रोमन सैन्याच्या फरसबंद मार्गांवर ग्रंथ आहेत, शेरशहाच्या रस्त्याचें वर्णन शाळेंतील मुलांना पाठ असतें, बोरघाटांतून लोहमार्ग कसा नेला हें पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु अशा राजमार्गांनीं सामान्य माणूस वर्षांतून चारदोन वेळां जातो; वाण्याच्या वाटेनें तो रोज जातो. त्यांतहि ती वाट ज्यांना सर्वांत अधिक लागते तीं माणसें म्हणजे घर सांभाळणाऱ्या बायका, म्हातारीं माणसें, आणि ज्यांच्या मुठींत नोट देऊन ‘उरलेले पैसे नीट मोजून आण’ असें बजावलेलें असतें तीं मुलें. ही वाट निर्धास्त असली तर या सर्वांना कोणाची मनधरणी करावी लागत नाहीं. ती मध्येंच तुटली तर अर्ध्या मैलावरचें दुकानहि त्यांना परगांवासारखें होतें.

अशा वाटेची मुद्दाम योजना करावी लागते, ही कल्पना मात्र जेमतेम शंभर वर्षांची आहे. त्यापूर्वीं तिची गरजच भासली नव्हती. जुन्या शहरांची वाढ माणसाच्या पावलांच्या मापानें झाली. पुण्याच्या पेठा पाहिल्या किंवा युरोपांतील एखादें जुनें बाजारपेठेचें गांव पाहिलें, तर राहतें घर आणि दुकान यांत फार अंतर आढळत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं खालीं दुकान आणि वर बिऱ्हाड अशीच रचना असते. रस्त्यांतून गाड्या जात, घोडे जात. परंतु बैलगाडीच्या आणि माणसाच्या वेगांत फारसा फरक नव्हता. त्यामुळें एकाच रस्त्यावर दोघांचा संसार कुरबुरी करीत कां होईना, पण चालला होता. तो मोडला मोटारीनें.

हा बदल सर्वांत आधीं आणि सर्वांत वेगानें अमेरिकेंत घडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या देशांत मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९२८ सालीं त्यांची संख्या २ कोटी १० लाखांच्या वर गेली. १९२० ते १९२९ या दहा वर्षांत तेथें मोटारींच्या अपघातांत २ लाखांहून अधिक माणसें मेलीं. शहरांत मरणाऱ्यांमध्यें पायीं चालणारे फार होते, आणि त्यांत मुलांची संख्या मोठी होती. रस्ता हें पिढ्यान् पिढ्या मुलांचें अंगण होतें; तें अंगण पाहतां पाहतां परक्याच्या ताब्यांत गेलें. कायदाहि हळूहळू त्या परक्याच्याच बाजूस झुकला. १९२५ सालीं लॉस एंजिलिस शहरानें वाहतुकीचे जे नियम केले, त्यांत पादचाऱ्यानें रस्ता कोठें आणि केव्हां ओलांडावा याचें बंधन घालण्यांत आलें. हवा तेथून रस्ता ओलांडणाऱ्याला अडाणी गांवढळ ठरविणारा एक नवा शब्दहि त्या काळांत रूढ झाला. रस्त्याचा मूळ मालक रस्त्यांत आगंतुक ठरला.

अशा परिस्थितींत १९२३ सालीं न्यूयॉर्कमध्यें कांहीं विचारी मंडळींनीं एक छोटें मंडळ स्थापन केलें. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट हे वास्तुशिल्पी, लुइस ममफर्ड हे ग्रंथकार, बेंटन मॅके हे अरण्यशास्त्रज्ञ, अलेक्झांडर बिंग हे घरबांधणी व्यवसायांतील धनिक, असे त्यांत निरनिराळ्या प्रकृतीचे लोक होते. त्याच वर्षीं या मंडळाच्या भेटीस एक पाहुणा गेला, त्याचा महाराष्ट्राशीं निकटचा संबंध होता. पॅट्रिक गेडिस हे ते गृहस्थ. मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे पहिले प्राध्यापक म्हणून १९१९ पासून ते काम करीत होते, आणि तत्पूर्वीं हिंदुस्थानांतील कितीतरी शहरें त्यांनीं पायीं हिंडून पाहिलीं होतीं. शहराची योजना करणाऱ्यानें प्रथम त्या शहराच्या गल्लीबोळांतून चालावें, तेथील लोक कसे वागतात तें पाहावें, आणि नंतर हातांत पेन्सिल घ्यावी, हा त्यांचा आग्रह होता.

या मंडळांतील बेंटन मॅके यांनीं १९२१ सालीं एक योजना मांडली होती. अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलॅशियन पर्वताच्या माथ्यामाथ्यानें एक अखंड पाऊलवाट काढावी, म्हणजे शहरांत कोंडलेल्या माणसाला रानांत चालतां येईल, अशी ती कल्पना. ती योजना प्रसिद्ध करण्यांत स्टाइन यांनींच पुढाकार घेतला होता. १९३७ सालीं ती वाट पुरी झाली. दोन हजार मैलांहून लांब असलेली ही वाट आज जगांतील नामांकित पाऊलवाटांपैकीं एक आहे. आश्चर्य हें कीं, ज्या मंडळानें इतक्या लांबच्या वाटेला हातभार लावला, त्याच मंडळानें घरापासून दुकानापर्यंतच्या चिमुकल्या वाटेचाहि प्रश्न हातीं घेतला. आणि तो प्रश्न पर्वतावरील वाटेहून कमी अवघड ठरला नाहीं. डोंगरांत खडकांना वळसा घालतां येतो. शहरांत मात्र दर शंभर पावलांवर मोटार आडवी येते.

त्याच सुमारास क्लॅरेन्स पेरी या समाजशास्त्रज्ञानें या प्रश्नाचें माप ठरवून दिलें. १९२९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधांत ‘शेजार’ हा शहराचा घटक मानलेला आहे. सुमारें १६० एकरांची वस्ती, मध्यभागीं शाळा, वाहतुकीचे मोठे रस्ते वस्तीच्या आंतून न जातां कडेनें जाणारे, आणि दुकानें कडेच्या चौकांत, असा त्याचा आराखडा होता. वस्तीच्या मध्यापासून कडेपर्यंत साधारण पाव मैल अंतर पडावें, असें त्यानें धरलें होतें. पाव मैल म्हणजे चारशें मीटर. बेताच्या चालीनें पांच मिनिटांची वाट. म्हातारा माणूस मध्यें एकदां थांबून जाऊं शकेल, मूल एकटें जाऊन येऊं शकेल, आणि चुलीवरचें दूध उतूं जाण्यापूर्वीं गृहिणी परत येऊं शकेल, असें हें अंतर आहे. पुढें जगभर नगररचनाकारांनीं तेंच माप थोड्याफार फरकानें वापरलें.

परंतु माप ठरलें म्हणजे वाट झाली असें नव्हे. ती वाट जमिनीवर उतरविण्याचें काम स्टाइन आणि राइट यांनीं केलें. बिंग यांच्या गृहनिर्माण कंपनीनें न्यू जर्सी राज्यांत फेअर लॉन या गांवच्या हद्दींत विस्तीर्ण शेतजमीन विकत घेतली आणि तेथें २५,००० वस्तीचें रॅडबर्न नांवाचें नवें नगर वसविण्याचा संकल्प सोडला. १९२९ सालीं पहिलीं कुटुंबें तेथें राहावयास आलीं. ‘मोटारयुगासाठीं बांधलेलें नगर’ अशी त्याची प्रसिद्धि झाली. परंतु त्याचें खरें वैशिष्ट्य, मोटारीच्या युगांत चालणाऱ्या माणसाची सोय करणारें नगर, हें होतें.

रॅडबर्नची रचना समजावयास सोपी आहे. नेहमींच्या शहरांत घराचें तोंड रस्त्याकडे आणि पाठ परसाकडे असते. स्टाइन आणि राइट यांनीं घरच फिरवून टाकलें. तीस ते पन्नास एकरांचा एक मोठा भूखंड घ्यावयाचा. मोटारींचे मोठे रस्ते त्याच्या चारहि बाजूंनीं न्यावयाचे. त्या रस्त्यांवरून आंत जाणारे आखूड, पलीकडचें तोंड बंद असलेले बोळ ठेवावयाचे. मोटार बोळांतून घराच्या मागच्या दारापर्यंत येई आणि तेथूनच परत फिरे. तिला आरपार जातां येत नसल्यामुळें वेगानें धांवण्याचें कारणच उरत नसे. स्वयंपाकघर त्या बोळाकडे. बैठकीची आणि निजण्याची खोली मात्र उलट दिशेस, बागेकडे. घरापुढून एक पायवाट निघे, ती भूखंडाच्या मध्यावरील लांबट बागेला मिळे, आणि बागेंतून मुलें शाळेस व मोठीं माणसें बाहेरच्या कामास जात. बागेच्या रचनेचें काम मार्जोरी कॉटली या उद्यानशिल्पी बाईंनीं केलें. एका भूखंडाची बाग दुसऱ्या भूखंडाच्या बागेला जेथें मिळावयाची, तेथें मोटारीचा रस्ता आडवा येत होता. तेथें रस्त्याखालून भुयारी वाट काढण्यांत आली. वरून मोटार जाई, खालून मूल जाई, आणि दोघांची गांठच पडत नसे.

ही युक्ति अगदींच नवी नव्हती. न्यूयॉर्कच्या मध्यवर्ती उद्यानाची योजना १८५८ सालीं ओल्मस्टेड आणि व्हॉ यांनीं केली, तेव्हां शहराचे चार आडवे रस्ते त्यांनीं उद्यानाच्या पातळीच्या खालून नेले होते, म्हणजे गाड्या सरळ निघून जात आणि फिरावयास आलेल्यांस त्यांचा उपद्रव होत नसे. स्टाइन यांनीं तें ऋण मोकळ्या मनानें मान्य केलें आहे. नवें होतें तें हें कीं, जी सोय रविवारच्या फेरफटक्यासाठीं केलेली होती, ती त्यांनीं रोजच्या भाजीपाल्यासाठीं आणि शाळेसाठीं वापरली.

रॅडबर्नमध्यें वस्तीच्या कडेला, रेल्वे-स्टेशनाजवळ, दुकानांची एक इमारत उभारण्यांत आली. फ्रेडरिक अ‍ॅकरमन यांनीं तिचा आराखडा केला आणि तिच्यावर घड्याळाचा मनोरा बसविला. नव्या वस्तींत येणाऱ्या माणसाला आपलें किराण्याचें आणि किरकोळ सामान तेथेंच मिळावें, अशी ती सोय होती. याहून मोठी बाजारपेठ नगर वाढल्यावर होणार होती. परंतु पहिलीं कुटुंबें येऊन सहा महिने होतात न होतात तोंच, १९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. घरें विकत घेणारे हप्ते थकवूं लागले, जमिनीवरील कर आणि व्याज मात्र थांबेना, आणि कांहीं वर्षांतच कंपनीचें दिवाळें निघालें. २५,००० वस्तीचें नगर व्हावयाचें होतें, त्याऐवजीं सुमारें १४९ एकरांत एक छोटी वसाहत तेवढी उभी राहिली. तींत ४३० स्वतंत्र घरें, कांहीं जोडघरें व चाळवजा घरें, आणि २३ एकर बाग. मोठी बाजारपेठ कागदावरच राहिली.

अपुऱ्या राहिलेल्या कामाचा निकाल सहसा प्रतिकूल लागतो. येथें तसें झालें नाहीं. स्टाइन यांनीं १९५१ सालीं आपल्या ग्रंथांत लिहिलें आहे कीं, पहिल्या वीस वर्षांत रॅडबर्नमध्यें रस्त्यावरील अपघाती मृत्यु दोनच झाले, आणि ते दोन्ही मोठ्या वाहतुकीच्या रस्त्यांवर, आंतील बोळांत नव्हेत. याहूनहि बोलका पुरावा १९७० सालीं मिशिगन विद्यापीठांतील जॉन लान्सिंग प्रभृति संशोधकांच्या पाहणीनें पुढें आणला. रॅडबर्नमधील ४७ टक्के रहिवासी किराणा आणण्यास पायीं जात. व्हर्जिनियांतील रेस्टन या नव्या नगरांत, जेथें पायवाटा होत्या पण रचना मोटारीस अधिक अनुकूल होती, हें प्रमाण २३ टक्के होतें. आणि कसलीहि योजना न करतां वाढलेल्या शेजारच्या वस्तींत तें अवघें ८ टक्के होतें. माणसें तिन्ही ठिकाणीं एकाच देशांतलीं, मोटारी तिन्ही ठिकाणीं दारांत उभ्या. फरक केला तो वाटेनें. लोक आळशी झाले म्हणून चालत नाहींत असें म्हणणाऱ्यांस हे तीन आंकडे पुरेसें उत्तर आहेत. वाट असली कीं लोक चालतात.

असें असतां रॅडबर्नच्या नांवानें जीं अनुकरणें झालीं, त्यांतील पुष्कळ फसलीं, हेंहि इतिहासानेंच नमूद केलें आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत आणि ऑस्ट्रेलियांत सरकारी घरांच्या वसाहतींत हा आराखडा मोठ्या प्रमाणावर वापरण्यांत आला. मागच्या बाजूस मोटारीचा बोळ, पुढच्या बाजूस पायवाट, मोठ्या रस्त्याखालून भुयार, सर्व कांहीं होतें. परंतु खर्च वांचविण्यासाठीं मधली बाग अरुंद झाली. एकान्त हवा म्हणून रहिवाशांनीं पायवाटेच्या दोहों बाजूंस उंच कुंपणें घातलीं. आणि बैठकीच्या खोलीची खिडकी जी वाटेकडे पाहावयाची, ती कुंपणाकडे पाहूं लागली. भुयारांतले दिवे फुटले ते फुटलेलेच राहिले. ज्या वाटेवर कोणाची नजर नाहीं, तिच्यावरून संध्याकाळीं सातनंतर कोण बाई जाईल? ज्या वाटेनें मुलाला एकटें पाठवावयाचें, तीच वाट आईला भीतिदायक वाटूं लागली. पुढें ऑस्ट्रेलियांतील कित्येक वसाहतींत सरकारनेंच खर्च करून या वाटा बुजविल्या आणि घरांचीं तोंडें पुनः रस्त्याकडे वळविलीं.

या अपयशाचें कारण जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेनें १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत स्पष्ट करून ठेवलें होतें. रस्त्याचें रक्षण पोलिसापेक्षां दुकानदाराची, खिडकींत बसलेल्या म्हातारीची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर अधिक करते, हें तिच्या प्रतिपादनाचें सार आहे. मोटारीपासून वाट वेगळी करणें चांगलें. माणसांपासून ती वेगळी करणें घातक. रॅडबर्नची मूळ वाट घरांच्या पुढून जात होती आणि तिच्या शेवटीं लोकांना हवें असलेलें ठिकाण होतें. नक्कल करणाऱ्यांनीं वाटेचा आकार उचलला. तिला जिवंत ठेवणारी वर्दळ मात्र मागेंच राहिली.

वाटेच्या दुकानाकडील टोकाचा प्रश्नहि याच काळांत सुटला. लंडनच्या उत्तरेस स्टीव्हनेज येथें नवें नगर उभारण्याचें १९४६ सालीं ठरलें. तेथील बाजारपेठेंत मोटारींना मज्जाव करावा, असा सल्ला देणाऱ्यांत स्टाइन हेहि होते. मोटारी आल्या नाहींत तर गिऱ्हाईक येणार नाहीं, ही शंका तेथें बरीच वर्षें घोळत राहिली. तथापि १९५९ सालीं राणी एलिझाबेथ यांच्या हस्तें तें केवळ पादचाऱ्यांसाठीं असलेलें नगरकेंद्र उघडण्यांत आलें. कोपनहेगन शहरानें १९६२ च्या नोव्हेंबरांत आपला मुख्य बाजाररस्ता प्रथम प्रयोग म्हणून मोटारींना बंद केला, तेव्हां तेथील दुकानदारहि धास्तावले होते. प्रयोग यशस्वी ठरून दोन वर्षांत तो रस्ता कायमचा पादचाऱ्यांचा झाला. गिऱ्हाईक मोटारींतून येत नाहीं, मोटारींतून उतरल्यावर येतें, ही गोष्ट व्यापाऱ्यांना पटण्यास अनुभवच लागला.

रॅडबर्नच्या कल्पनेंतील उणीव भरून काढण्याचें काम हॉलंडमध्यें झालें. उट्रेख्त शहराजवळील हाउटन या खेड्याचें १९७० नंतरच्या दशकांत नगरांत रूपांतर करावयाचें ठरलें, तेव्हां रॉब डर्क्स या नगररचनाकारानें सर्व नगराभोंवतीं एक वर्तुळाकार रस्ता आंखला. मोटारीला एका वस्तींतून दुसऱ्या वस्तींत जावयाचें असेल तर तिनें त्या वर्तुळावर बाहेर यावें, वळसा घ्यावा आणि पुनः आंत शिरावें. पायीं व सायकलनें जाणाऱ्यांची वाट मात्र नगराच्या मध्यांतून सरळ स्टेशनाकडे आणि बाजाराकडे जाते. शाळा तिच्याच कडेला, आणि घरें तिच्याच शेजारीं. हे लोक भुयारांत किंवा जिन्यांवर ढकलले गेले नाहींत. वळसा मोटारीला मिळाला. याचा परिणाम असा झाला कीं, जवळच्या कामाला मोटार काढण्यापेक्षां पायीं जाणें खरोखरच लवकर होऊं लागलें. सद्गुणाचा उपदेश न करतांहि माणसें सद्गुणी कशीं होतात, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

हा विचार आपल्या देशांतहि आला, आणि तो मुंबईच्या दारानें आला. १९४८ सालीं बृहन्मुंबईच्या विकासाचा जो आराखडा तयार झाला, तो मुंबई महानगरपालिकेचे नामांकित अभियंते ना. वि. मोडक आणि अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर या दोघांच्या नांवानें ओळखला जातो. वैतरणेवरील ज्या धरणाचें पाणी मुंबई पिते, त्या मोडकसागराला नांव दिलेलें आहे तेच हे मोडक. मेयर हे स्टाइन यांच्या वर्तुळांतले. पुढें पंजाबच्या नव्या राजधानीची पहिली योजना १९५० सालीं मेयर यांनींच केली, आणि तींत रॅडबर्नसारखे मोठे भूखंड, आंत बाग आणि बागेंतून पायवाटा होत्या. नोविकी हे त्यांचे सहकारी त्याच वर्षीं विमानअपघातांत मरण पावले आणि १९५१ सालीं तें काम ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे गेलें. त्यांनीं आराखडा सरळ रेषांत बसविला, तरी वस्तीच्या आंतील पायवाटेची कल्पना टाकून दिली नाहीं. चंदीगडचा प्रत्येक विभाग सुमारें ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब आहे. रस्त्यांचे सात वर्ग पाडण्यांत आले. त्यांतील चौथा वर्ग म्हणजे विभागांतून जाणारा बाजाराचा रस्ता, आणि सातवा म्हणजे हिरवळींतून शाळेकडे जाणारी पायवाट. बाजाराच्या रस्त्यावर दुकानें एकाच बाजूस, सांवलीच्या अंगाला ठेवण्यांत आलीं, म्हणजे गिऱ्हाइकाला एका दुकानांतून दुसऱ्यांत जाण्यासाठीं रस्ता ओलांडावा लागूं नये आणि ऊनहि लागूं नये. थंड देशांतून आलेल्या कल्पनेला येथील उन्हाची जाणीव झाली, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि आपल्याकडील बहुतेक वस्त्या चंदीगडप्रमाणें कोऱ्या कागदावर काढलेल्या नाहींत. येथें घर आहे, दुकान आहे, अंतरहि पांच मिनिटांचेंच आहे. नाहीं ती मधली वाट. २०२२ सालीं भारतांतील रस्त्यांवरील अपघातांत ३२,८२५ पादचारी मरण पावले. त्या वर्षांतील एकूण बळींच्या ते १९.५ टक्के होते. हे सगळे दुकानाच्या वाटेवर मेले असें नव्हे, परंतु घराबाहेर पायीं पडणें हें किती जोखमीचें झालें आहे, याचें तें माप आहे. पादचाऱ्यांच्या सोयींविषयीं भारतीय रस्ते महासभेनें २०१२ सालीं सुधारलेले नियम उपलब्ध आहेत. वस्तींतील पदपथावर चालण्यास निदान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, दुकानांच्या भागांत ती २.५ मीटर असावी, आणि पदपथाची कड १५ सेंटिमीटरांहून उंच नसावी, असें त्यांत सांगितलें आहे. १.८ मीटर हें माप कोणाच्या लहरीनें ठरलेलें नाहीं. दोन चाकांच्या खुर्च्या एकमेकींशेजारून जाण्यास तेवढी जागा लागते. पुणें महानगरपालिकेनें २०१६ सालीं पादचाऱ्यांविषयींचें धोरण मान्य केलें, आणि ११ डिसेंबर २०२१ रोजीं लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग एक दिवस वाहनांना बंद ठेवून पादचारी-दिन पाळला. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, निर्वेध पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या कलमांतील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असें सांगितलें. नियम, धोरण आणि न्याय हे तिन्ही पादचाऱ्याच्या बाजूस आहेत. जमीन तेवढी अजून त्याच्या बाजूस आलेली नाहीं.

आपल्या देशांतील वाटेला आणखी एक निराळा धागा आहे, तो परदेशीं आराखड्यांत नव्हता. येथें माणूस जसा दुकानाकडे जातो, तसें दुकानहि माणसाकडे येतें. भाजीवाली पदपथावर बसते, फुलवाला देवळाच्या वाटेवर उभा राहतो. पदपथ अडतो म्हणून त्यांना हांकलावें असें म्हणणारे पुष्कळ. परंतु जेकब्स बाईंनीं जिला रस्त्याची राखण म्हटलें, ती नजर याच लोकांची असते. २०१४ सालीं झालेल्या फेरीवाल्यांच्या कायद्यानें त्यांना जागा नेमून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे, ती या दृष्टीनें योग्यच होय. वाट आंखतांनाच विक्रेत्याची जागा एका अंगाला आंखली, म्हणजे चालणाऱ्याची रुंदी कमी होत नाहीं आणि वाटहि ओसाड पडत नाहीं.

शंभर वर्षांच्या या खटाटोपांतून नवी वाट काढणाऱ्यास, मग तो नगरपालिकेचा अभियंता असो कीं सोसायटीच्या कार्यकारी मंडळाचा सभासद असो, जें शिकावयाचें तें थोडें आहे. त्यानें प्रथम नकाशा बाजूस ठेवून चालावें आणि गवत कोठें तुडवलें गेलें आहे, कुंपणाला कोठें खिंडार पडलें आहे, तें पाहावें; लोकांनीं आपली योजना तेथें आधींच लिहून ठेवलेली असते. वाट मोटारीच्या रस्त्याहून लांबची नसावी, कारण दमलेला माणूस वळसा घालीत नाहीं. तो भिंत चढतो किंवा दुभाजक ओलांडतो. जिना चढवून पूल ओलांडावयास लावणें म्हणजे सांधेदुखीच्या माणसाला घरींच बसविणें होय. वाटेला सांवली असावी, दिवा असावा, आणि तिच्याकडे पाहणारी कोणाची तरी खिडकी असावी.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाटेचें अखंडत्व. वाटेची लांबी कोणी मैलांत मोजो कीं किलोमीटरांत. तिची योग्यता ठरते ती तिच्यांतील सर्वांत वाईट दहा पावलांवरून. नऊशें नव्वद पावलें फरसबंद आणि वृक्षाच्छादित असलीं, आणि उरलेल्या दहा पावलांत एक उघडें गटार, उभी केलेली मोटार किंवा सिग्नल नसलेला चौक असला, तर आई मुलाला त्या वाटेनें पाठवीत नाहीं. आणि मूल गेलें नाहीं म्हणजे त्या मुलापुरती ती वाट अस्तित्वांतच नसते. रॅडबर्नच्या भुयारी वाटेचें मोल यांतच होतें. तिनें वाट सुंदर केली नाहीं, तिनें तीं शेवटलीं दहा पावलें जोडून दिलीं.

रॅडबर्नचें नगर अपुरें राहिलें, त्याच्या कंपनीचें दिवाळें निघालें, तरी २००५ सालीं अमेरिकेनें त्या छोट्या वसाहतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान दिला. तेथें लढाई झाली नव्हती, राजवाडा नव्हता कीं थोर पुरुषाचें जन्मस्थान नव्हतें. एखादें मूल हातांत पिशवी घेऊन घरून निघावें आणि रस्त्यावर पाय न ठेवतां बागेंतून जातां यावें, एवढ्यासाठीं कांहीं शहाण्या माणसांनीं तेथें आपली बुद्धि खर्च केली होती. ज्या शहरांत मुलाच्या हातीं पिशवी देऊन आई निर्धास्तपणें पुनः कणीक मळावयास बसते, त्या शहराची योजना चांगली झाली असें समजावें. बाकीचीं मोजमापें मागाहून घेतलीं तरी चालतील.